माहेरची सुपं

गौरीपुढे चार पाट मांडले होते. भावकीतल्या तिघी नव्या सुना सुपं घेऊन बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे पाच सुपं, दोरा गुंडाळलेली, त्यांत काकडी, नारळ, पानसुपारी, खण. चौथ्या पाटावर रंगू बसली होती. तिच्यापुढे नुसती सारवलेली जमीन होती.

"ऊठ गो," थोरली जाऊ प्रयागबाई तिच्या कानाशी लागली. "सुपंच नायत तं ओवसशील काय? बायका हसतील."

"हसू देत," रंगू म्हणाली. "मी बसनार."

हट्टाने नव्हती बसली ती. नव्या सुनेने माहेरहून आलेली सुपं गौरीला ओवाळायची, मगच ती घरची झाली, हे तिला इथे येऊन कळलं होतं. त्यातून हा पहिला ओवसा दर साली होत नाही; पूर्वा नक्षत्र जुळावं लागतं. यंदा जुळलं होतं. पुन्हा कधी जुळेल, कोण जाणे. परत जायला देश राहिला नव्हता, तेव्हा याच घरची व्हायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

ती ब्रह्मदेशातली, मूळची मा खिन. या घरचा महिपती लढाईत शिपाई होऊन तिकडे गेला, लढाई संपल्यावर रंगूनच्या भातगिरणीत चिकटला आणि चाळिशीला टेकता टेकता तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. पुढे तिथलं सरकार फिरलं. परक्यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि चौसष्ट साली दोघं एका ट्रंकेनिशी त्याच्या गावी, शिवथरला येऊन उभी राहिली. सुनेचं नाव बदलायचा रिवाजच. रंगूनची म्हणून वाडीने तिला रंगू करून टाकलं. ती हसली आणि रंगू झाली.

कामात ती कुणाला हार जाणारी नव्हती. भात तिच्या देशातही कमरेत वाकून, मागे सरकत सरकतच लावतात. लावणीत तिने अख्खी वाडी मागे टाकली. नडलं ते फक्त सूप. पहिल्याच दिवशी पाखडताना सुपाच्या उघड्या तोंडाकडून मूठभर तांदूळ खाली सांडले, आणि बायकांना महिनाभर बोलायला विषय झाला. सासू ठकूबाई तेवढी काही बोलली नव्हती.

गणपतीच्या आधी मात्र एकदा तिने सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्यात सूप असतं तरी कसं गो?"

रंगूने चुलीतली राख घेऊन जमिनीवर गोल काढला. चहूबाजूंनी काठ. ठकूबाई खाली बसली, वितीने तो गोल मोजला, "ही तं परात झाली," म्हणाली आणि पायाने पुसून टाकला. बायका खो खो हसल्या. रंगूही हसली. पण ते तिला लागलं. आईच्या अंगणातलं सूप होतं ते, आणि आईचं तर आता पत्रही येत नव्हतं.

गौरी चार दिवसांवर आल्या तेव्हा महिपती आईला म्हणाला, "आय, महाडच्या बाजारातून पाच सुपं आणतो. हिचा ओवसा व्हईल."

"इकतची सुपं माझ्या गवरीफुडं ठेवायची नायत," ठकूबाईने तोडून टाकलं. "सुपं माहेरनं येतात."

दुसऱ्या दिवशी तिने लुगड्याचं गाठोडं बांधलं, "मी तुडीलला भावाकडं चालले," एवढंच सांगितलं आणि बिरवाडीच्या वाटेला लागली. ऐन सणात घरची बाई घर सोडून गेली. वाडीने काय ते ओळखलं. म्हातारीला ही परदेशी सून गौरीपुढे बसलेली बघवणार नव्हती. रंगूनेही ओळखलं. ते ओळखायला मराठी लागत नव्हतं.

तरी तिने घर सारवलं, ओढ्याकाठचा तेरडा गौरीसाठी आणला, भाजी निवडली, आणि आज पाटावर येऊन बसली. हात रिकामे, मान ताठ.

पहिली सून ओवसायला उठली तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. ठकूबाई दारात उभी होती. पाय चिखलाने भरलेले. मागे तिचा भाऊ सोनबा, डोक्यावर धोतरात बांधलेला मोठा बोजा. ठकूबाईने स्वतःच्याच घराचा उंबरा ओलांडला नाही.

"पाय धुवाया पाणी आणा," ती म्हणाली. "पोरीच्या माहेरची मानसं आलीत."

कुणाला काही उमगेना. रंगू उठली. तांब्या आणून तिने आधी सासूच्या आणि मग सोनबामामांच्या पायांवर पाणी घातलं. थोडं पाणी भलतीकडेच गेलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"दोन दिस बुरडाच्या दारात बसून व्हती ही," सोनबा बोजा उतरवत म्हणाला. "त्यो आयकंना, आन ही उठंना."

त्याने गाठ सोडली. ओल्या बांबूचा वास घरभर सुटला. हळदीकुंकू लावलेली पाच नवी कोरी सुपं रंगूच्या पाटापुढे मांडली गेली. प्रयागबाईने एक उचललं, फिरवून बघितलं, पुन्हा फिरवलं. त्याला तोंडच नव्हतं. चहूबाजूंनी काठ होता. पाचही सुपं तशीच, गोल.

"आत्याबाय, बुरडानं फशीवलं तुमाला," ती म्हणाली. "सूप असं असतं व्हय?"

ठकूबाई पदराने पाय पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"हिच्या माहेराला असंच असतं."