दसऱ्याची अक्षता

दसऱ्याच्या पूजेपासून छापखान्यातला जुना कॉम्प्युटर कधी चालू व्हायचा, कधी नाही. “नवीनच घ्या,” म्हणून मेकॅनिक मोकळा झाला.

“तू हात लावू नकोस,” असं नवऱ्याने बजावलं होतं. तरी तो बाहेर पडताच कुमुदिनीने वायर काढून स्क्रूड्रायव्हरने त्याचा डबा उघडला. बटण अर्ध्यातच अडत होतं. मागे कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा. तिनेच वाहिलेली अक्षता! चिमट्याने तिने ती अलगद काढली.

नवरा परतला, तर पडद्यावर लग्नपत्रिका! त्याने पुन्हापुन्हा बंद-चालू करून पाहिलं. तिने तो लाल दाणा त्याच्या तळहातावर ठेवला.

पुढच्या दसऱ्याला त्याने कॉम्प्युटरशेजारी पाटावर तिचा स्क्रूड्रायव्हर मांडला.

“हत्यार तुझं, पूजाही तूच कर. अक्षता मात्र जपून हं.”

कुमुदिनीने मूठ भरून घेतली. “अडकू देत की. काढणारी आहे घरात!”