मोचेमाडचा चढ

"अण्णा, बूट घाला. डांबर वितळतंय बघा!" प्रणिता मागं वळून ओरडली.

पद्मराज सायकल हातात धरून मोचेमाडचा चढ चढत होते, तेही अनवाणी. बूट कॅरिअरला बांधून टाकले होते. "बघूया की, किती सोसतंय," ते म्हणाले आणि पुढच्याच पावलाला उडी मारून रस्त्याकडेच्या गवतात गेले. साठीतल्या माणसाच्या हट्टापुढं कोण काय बोलणार? त्यात तो आपला बाप असला की बोलणंच खुंटलं.

मे महिन्याचं ऊन डोक्यावर होतं. सकाळी मालवण सोडलं तेव्हा वारा तरी होता. वेंगुर्ल्यापासून तोही गायब झाला. खाली माडांच्या पलीकडं समुद्र नुसता चकाकत होता. दर उन्हाळ्यात हे बापलेक निपाणीहून निघून, आंबोलीचा घाट उतरून किनाऱ्याला सायकली घेऊन येत. प्रणिता शाळेत असताना सुरू झालेला नेम, तिला बेळगावात बँकेत नोकरी लागली तरी मोडला नव्हता.

या खेपेला मात्र दोघं नेहमीसारखं बोलत नव्हते. सोमवारी घरात कार्य होतं. निपाणीजवळ तवंदीच्या माळावर मांडव घातला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, बँड ठरला होता. भाऊ, भावजय, झाडून सगळे भाऊबंद हो म्हणाले होते. राहिली होती एकटी प्रणिता. तिच्या होकाराशिवाय पुढं काही होणार नव्हतं आणि ती मूग गिळून बसली होती.

चढ संपला तिथं एक बाई शहाळी विकत होती. प्रणितानं एक घेतलं. पद्मराजांना नको होतं. त्यांचं दिवसाचं खाणं वेंगुर्ल्यातच उरकलं होतं, खानावळीच्या दारात, उभ्या उभ्या. आत या म्हटलं तर म्हणाले, "बसलो तर उठवायला चार माणसं लागतील."

"खंयसून इलास?" बाईनं विचारलं.

"निपाणीसनं. सोमवारी घरात कार्य हाय. त्याच्या आदी एकदा समुद्र बघून घ्यावा म्हटलं."

"चेडवाचा लगीन? मगे हिका उन्हात कित्याक फिरवतास? काळी पडतली मां!"

पद्मराज मोठ्यानं हसले. प्रणिता हसली नाही. तिनं शहाळ्यातली नळी तोंडात धरली आणि समुद्राकडं तोंड केलं.

पद्मराजांनी हेल्मेट काढलं. घामानं केस कपाळाला चिकटले होते. एक पांढरा केस कानावर लोंबत होता, तो तिनं सवयीनं चिमटीत धरून उपटला.

"आई गं! जीव घेतीस काय?"

शहाळीवाली दचकली. प्रणिताला मात्र हसू आवरेना. लहानपणी दर रविवारी ती त्यांचे पांढरे केस उपटायची आणि अख्ख्या गल्लीला कळायचं, पद्मराज अण्णांच्या डोक्याला हात लागलाय म्हणून.

तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाचा, अरिहंतचा फोन आला. गुढीपाडव्याला कापडाचं दुकान त्याच्या नावावर झाल्यापासून तो जरा जास्तच जबाबदारीनं बोलायचा. "आक्का हो म्हणाली काय?"

"इचारतोय," म्हणून पद्मराजांनी फोन ठेवला.

पुढं उतार होता, पण दोघंही चालतच निघाले.

"प्रणी, तुझ्या मनाविरुद्ध काय व्हायचं न्हाय. तू नको म्हण, उद्याच्या उद्या मांडव काढाय लावतो."

"आन् लोक?"

"लोकांचं जाऊ दे. मला तुझा शब्द पायजे."

"आई गेल्यापास्नं माझं तुमच्याशिवाय पान हललंय का अण्णा? आन् तुमचं माझ्याशिवाय?"

"म्हणूनच तर इचारतोय."

खरं सांगायचं तर तिला राग आला होता. इतकी वर्षं ज्यांनी हात घट्ट धरला तेच आता तो सोडवून घेत होते, वर तिनंच हो म्हणावं अशी अपेक्षा. आतून ती भ्यालीही होती. एकदा हो म्हटलं की मागं फिरता येणार नव्हतं.

"ही सायकलपण तूच ने," पद्मराज म्हणाले.

"मला माझी हाय की."

"तरी ने. घरात नुसती गंजंल."

शिरोड्याला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. सुरूच्या झाडांखाली पद्मराज टेकले. तळपायांना टरारून फोड आले होते. प्रणितानं बाटलीतलं पाणी हळूहळू त्यांच्या पायांवर ओतलं.

"दुखतंय?"

"दुखतंय की."

"मग कशाला असं करायचं?"

पद्मराज लाटांकडं बघत म्हणाले, "सुखात हाय मी, प्रणी. लई वर्षांनी."

तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. आंबोलीचा घाट पहिल्यांदा ब्रेक न लावता उतरले होते तेव्हा अण्णा असेच दिसले होते. ते खोटं बोलत नव्हते. आपला राग धरून बसायला तिला आता जागाच उरली नाही.

सूर्य पाण्याला टेकायच्या आत त्यांनी गाळलेलं पाणी पिऊन घेतलं आणि बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती पिशवीत ठेवली, झाकण नीट लागलंय का ते दोनदा बघितलं.

"माझं हो हाय, अण्णा."

पद्मराजांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. प्रणितानं रविवारच्यासारखी त्यांच्या केसांत बोटं घातली. तिचेही डोळे वाहत होते, पण आवाज तिनं ताळ्यावर ठेवला.

"सोमवारी तुमच्या मुनिदीक्षेच्या मांडवात पहिल्या रांगेत बसणार मी. डोक्यावरचा एकेक केस उपटताना ओरडायचं न्हाय हं, महाराज."