स्टीलच्या मशिदीचा दरवाजा

दिवा तिसऱ्यांदा लाल झाला. "नमाजाआधीचा वुजू अपूर्ण आहे. कृपया हात पुन्हा धुवा," नव्या स्टीलच्या मशिदीचा दरवाजा गोड आवाजात म्हणाला.

यासीन परकारांनी पुन्हा कोपरापर्यंत हात धुतले आणि भिंतीवरच्या काचेसमोर धरले. चाळीस वर्षं लेथ चालवून बोटांच्या भेगांत बसलेलं काळं आता कातडीचाच रंग झालं होतं. यंत्राला ते ग्रीस वाटत होतं. आत जुम्म्याचा खुतबा, शुक्रवारच्या नमाजाआधीचं प्रवचन, सुरू झाला होता. मागे फाउंड्रीतले कामगार आणि रंगारी ताटकळत उभे होते.

"चाचा, तुम्ही सगळे अंगणात नमाज पढा ना," ट्रस्टचे तरुण सेक्रेटरी मुकादम म्हणाले. "सिस्टिम चुकत नाही. परदेशी डिझाइन आहे."

"डिझाइन असेल परदेशी! बिजागऱ्या याच हातांनी कातल्यात," चाचा कडाडले. "माझा वुजू अल्लाने बघायचा की तुझ्या डब्याने?"

त्यांनी खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरने बिजागऱ्यांच्या पिना उपसल्या. दरवाजा कलला. तो सावरायला मुकादम धावले आणि त्यांचे दोन्ही तळवे ग्रीसने माखले. ते काचेसमोर येताच भिंतीवरचा दिवा पुन्हा लाल झाला.

"आता तू पढ अंगणात," म्हणत चाचा सगळ्यांना घेऊन आत गेले.