उतार

“या, या, काम डोळ्यांनी बघून घ्या,” म्हणत सरवदे कंत्राटदार कुंदाताईंच्या घरात, कुंदाताईंनाच न विचारता, नवं गिऱ्हाईक घेऊन शिरला. एक तरुण जोडपं दारात चपला काढून, सिमेंटच्या गोण्यांतून वाट काढत बिचकत आत आलं.

दिवाळीपासून कुंदाताईंचा स्वयंपाक गॅलरीत चालला होता. फोन करावा तेव्हा हा बाबा “वाटेतच” असायचा. आज मात्र स्वारी इस्त्रीच्या शर्टात हजर! नव्या बाथरूमच्या फरशीवरून असा हात फिरवत होता, की जणू ताजमहाल यानंच बांधलाय.

“बाथरूमला उंबरठा आम्ही ठेवतच नाही, जुनी फॅशन ती. उतार असा दिलाय, की पाण्याचा थेंब टिकायचा नाही. विचारा ताईंना!”

पाणी बाहेर येतं, हे ताई आठवडाभर घसा फोडून सांगत होत्या. “नवीन काम आहे, जरा सेट होऊ द्या,” एवढं ऐकवून हा गडप झाला होता.

आता त्या गोड हसल्या. “सांगू कशाला? दाखवतेच की!” आणि भरलेली बादली त्यांनी फरशीवर उपडी केली.

कोपऱ्यातल्या जाळीकडे ढुंकूनही न बघता पाणी बाहेर पडलं आणि थेट दारापर्यंत गेलं. जोडप्याच्या चपलांना यथासांग आंघोळ घडली.

दोघांनी निथळत्या चपला उचलल्या आणि जिना गाठला.

“खरंय हो तुमचं,” बाथरूमच्या रिकाम्या फरशीकडे बघत कुंदाताई म्हणाल्या, “थेंब टिकला नाही. तिथं गिऱ्हाईक काय टिकणार!”