एकही रेघ नको

सत्काराला तासभर उरला होता. डॉ. खासनीस डोक्यावर यंत्राचा टोप चढवून इरावतीसमोर बसले होते. एकसष्टीला सत्कारमूर्तीच्या आठवणी सभागृहातल्या पडद्यावर दाखवायची आता रीतच पडली होती. आठवणीत केलेली खाडाखोड तिथे लाल रेघांनी दिसायची, म्हणून लोक आधी इरावतीकडे येऊन रेघा काढून घेत.

"बाई, एकही रेघ राहता कामा नये," खासनीस म्हणाले. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

इरावतीने आठवण उघडली. भातावरच्या करप्याचं औषध सापडलं, ती दुपार. टेबलाशी वाकलेली विद्यार्थिनी इरावती लाल रेघांनी खोडलेली होती आणि तिच्या जागी खासनीसांनी स्वतःला बसवलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रेघा दोन तऱ्हांनी जात: खाडाखोड कायम करून, नाहीतर रद्द करून. कायमच करायची, हे सगळे गृहीत धरत.

तिने रद्द केली.

खासनीसांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि ते पांढरेफटक पडले.

"इरावती... तू?"

"हो, सर. आठवण सभागृहात पोचलीसुद्धा. एकही रेघ नाही."