आईच्या ठेच्याचं पान

बुद्धाची आण घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले चार दात आजच पडोत!

लम्पांग गावात लम्दुआनची आई गेली. परवा दहन. तिकडची रीतच अशी, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आईची पुस्तिका द्यायची, तिचा फोटो अन् तिच्या हातच्या पदार्थांच्या कृती छापून. एकच पान राहिलं होतं, मिरचीच्या ठेच्याचं. छापखान्याचा माणूस दारात बसून घड्याळ बघत होता.

म्हणून लम्दुआनने कुंग आणि नोइला बोलावलं. कॉलेजात तिघी एका खोलीत. दर शुक्रवारी बसने आईच्या ठेच्याच्या तीन बरण्या यायच्या, झाकणाला धागे बांधून.

"खारी मासळी असायची त्यात," कुंग म्हणाली.

"मासळी? नुसत्या वासाने उलटी होते मला!" नोइ म्हणाली. "भाजलेलं वांगं असायचं."

"वांगं? म्हातारे, डोकं भाजलंय तुझं!"

"दोन्ही नव्हतं गं," लम्दुआन चिडली. "मिरची अन् लसूण. घास घेतला की कान पेटायचे."

शेवटी एकाच खलात एकामागून एक तीन ठेचे कुटले. मिरचीचा असा खाट उठला की फोटोतल्या आईच्याही डोळ्यांना पाणी आलं. प्रत्येकीने आपापला चाखला अन् म्हणाली, "हाच!" दुसरीचा चाखला अन् तोंड वाकडं केलं.

लम्दुआनला काही कळेना. जन्मभर जिच्या हातचं खाल्लं, तिचा एक ठेचा आपल्याला सांगता येऊ नये?

"थांबा," नोइ हळूच म्हणाली. "माझ्या बरणीला कायम निळाच धागा असायचा."

"माझ्या लाल," कुंग म्हणाली.

"म्हणजे तिघींना तीन," छापखान्याचा माणूस म्हणाला. "मग मावशी, आईंचा स्वतःचा कुठला?"

आई काय खायची, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

लम्दुआनने नकळत चिकट भाताचा गोळा वळला अन् त्याने रिकामा खल पुसून घेतला, आई पुसायची तसा. तोंडात टाकला. चावता चावता थांबली.

"लिही," ती म्हणाली. "आधी तिघींचे तीन कुटायचे. मधे खल धुवायचा नाही."

बरं बाई, फोटोतल्या आईच्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी पदरचं घातलं. एक दात गेला तरी चालेल. ती तर हसतच होती.