पहिली पाटी

दुकानाची कंपनी झाली, तशी मालकांना वेबसाइट हवीशी झाली आणि तिच्यात ‘आमचा प्रवास’ नावाचं एक पानही. त्या पानासाठी त्यांनी डिझायनरपुढे एक जुना फोटो टाकला. थोरल्या भावाच्या खांद्यांवर उभे राहून मालक दुकानाची पहिली पाटी ठोकत होते.

“यातून दादाला काढून टाका,” मालक म्हणाले. “तो दिसला की लोक वाटणीचं उकरत बसतात.”

“साहेब, दादांना काढलं तर तुम्ही हवेत लटकाल,” ती म्हणाली.

“मग खाली शिडी दाखवा की. एवढंही मीच सांगायचं का?”

दादांना पुसायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. याचीच तिला शिसारी आली. मग इंटरनेटवर सापडलेली एक लाकडी शिडी तिने मालकांच्या पायांखाली उभी केली.

वेबसाइटच्या उद्घाटनाला बडे व्यापारी जमले. पडद्यावर तो फोटो झळकला आणि मालक उठून पुढे आले.


“ती शिडी,” डोळे टिपत ते म्हणाले, “मी अजून घरात जपून ठेवली आहे.”